वाळूतली चार अंडी

“मग मेंढरं उतरवू का खाली? हो म्हणा, न्हाईतर न्हाई म्हणा. गप बसू नका, आबा.”

सिदूनं हे तिसऱ्यांदा विचारलं. म्हाकूआबा नदीच्या कोरड्या पात्रात उकिडवे बसले होते. वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं.

त्या मुलखातल्या धनगरांत आबांचा शब्द शेवटचा. टिटवीनं अंडी कुठं घातली ते बघून ते पाऊस सांगत. माळावर घातली तर नदी दुथडी. वाळूत घातली, तर पिल्लं फुटून पळेपर्यंत नदीला पाणी नाही, खुशाल पात्रात तळ टाका.

सिदू ही विद्या त्यांच्याकडूनच शिकला होता. आणि नवं शिकलेल्याला असते तेवढी घमेंड त्याला होतीच.

वर काठावर दीडशे मेंढरं ओरडत होती. माळावर गवताची काडी नव्हती. पात्रात मात्र एक डबकं उरलं होतं आणि त्याच्या कडेनं हिरवळ होती.

“चार अंडी हायती वाळूत. सोता बघितली म्या. आता आनि काय पायजे?”

“गेल्या साली कुठं व्हती?”

“...वाळूतच.”

“आन् मग?”

सिदूनं तोंड फिरवलं. गेल्या वैशाखात, अंडी वाळूत असताना, भर दुपारी वरून लोंढा आला होता. सिदूची अकरा कोकरं गेली. अंडीही गेली. खाली तळ टाका, असं आबांनीच सांगितलं होतं.

“एखाद साल चुकतंय पाखराचं बी.”

“त्येच्या आदल्या साली?”

“तवा बी पानी आलंच,” सिदू पुटपुटला.

मग एकदम उसळला. “लोक काय म्हणत्यात ठावं हाय का? कोण म्हणतंय म्हातारं भ्यालं. कोण म्हणतंय पाखरं बाटली. कोण म्हणतंय आमच्या बापाच्या वक्ताला बी असंच व्हायचं, त्यात काय! आन् समदे माज्या तोंडाकडं बघत्यात. काय सांगू त्यांस्नी?”

आबांनी खापराचा एक तुकडा उचलला. अंड्यांखाली अलगद सरकवला. चारही अंडी, खालच्या खड्यांसकट, हातभर काठाकडे नेऊन ठेवली.

टिटवी डोक्यावर किंचाळत सुटली. एकदा तर आबांच्या पटक्यावर चोच मारून गेली.

“अवं आबा! शकुनच हलवताय? मग शकुन कसला ऱ्हायला त्यो?”

आबा त्याला धरून मागं सरले.

बराच वेळ गेला... टिटवी खाली उतरली. इकडं पळाली, तिकडं पळाली. मग अंड्यांवर बसली.

तेव्हा सिदूला दिसलं. वाळूत ओळीनं सात रिकामे खळगे होते, एकामागं एक, हातहातभर अंतरावर.

“सात दिस?”

“सात. काठ किती ऱ्हायला?”

“पन्नास हात तरी.”

“आन् पिल्लं फुटाया?”

“वीस दिस.” सिदूनं मनात हिशेब केला आणि तो चरकला. “मग उचला की एकदम! न्या काठावर!”

“लांब नेलं तर वळखत न्हाई ती. सोडून जाती.”

मावळतीकडं ढग चढायला लागले होते. काळे, खालून फुगलेले. या महिन्यात तसे ढग सिदूच्या बापानं कधी पाहिले नव्हते. मेंढरं ओरडायची थांबली होती.

सिदूनं ढगांकडं पाहिलं. तो काठाकडं तोंड करून भावाला ओरडला, “बिरूऽऽ! मेंढरं फिरव माळाकडं! बाभळीच्या शेंगा झोड कोकरांस्नी!”

आणि वळून आबांवर जवळजवळ धावून गेला. डोळे भरले होते त्याचे.

“ही पोचायची न्हाई, आबा.”

“न्हाई.”

“मग ह्यो उद्योग कशापायी?”

आबांनी खापर त्याच्या हातात दिलं.

“चाळीस वर्सं हिनं आपल्याला सांगिटलं, सिदू. आता हिला कुणी सांगायचं?”