हैबती गवंड्याचं गाठोडं

फार वर्षांपूर्वी, सावळदऱ्यात सगळी घरं मातीच्या सपाट छपराची, म्हणजे धाब्याची होती, तेव्हा इथे हैबती नावाचा गवंडी राहायचा. त्याला देवळं आणि पूल बांधणारा स्थपती व्हायचं होतं. विशीत तो डोंगरापलीकडच्या शिल्पशाळेत गेला. सोबत लाकडात कोरलेला एक वाडा नेला, मुठीएवढा. त्याच्या खिडक्या उघडत होत्या असं म्हणतात.

आचार्यांनी तो तळहातावर फिरवून पाहिला. "यावर पडलेलं पाणी कुठून जाईल?"

हैबती त्या इवल्या छपरावर बोट फिरवत राहिला.

"सांगता येईल तेव्हा ये," आचार्य म्हणाले.

हैबती गावी परतला आणि घरं बांधू लागला. जे बिघडे, त्याचा एक तुकडा तो गाठोड्यात ठेवी. ओल खाल्लेली वीट. वाळवीनं पोखरलेलं तुळईचं टोक. अशी चाळीस वर्षं गेली. मग एका श्रावणात त्यानं बांधलेल्या घराचा कोपरा खचला, आणि त्याखाली त्या घरची धाकटी सून मंजुळा गेली. लग्न होऊन तिला चार महिने झाले होते. हैबतीनं मातीतून तिच्या हिरव्या बांगडीचा तुकडा उचलला आणि हातातली थापी खाली ठेवली. "आता शिकल्याशिवाय विटेवर वीट ठेवणार नाही," एवढंच तो बोलला.

गाठोडं एवढं जड झालं होतं की बैलगाडीचा आस मोडला, असं म्हणतात. मग त्यानं ते डोक्यावर घेतलं.

शाळेच्या दारात पोरं हसली. "आजोबा, नातवाला सोडायला आलात?"

"नाही रे बाबांनो. बसायला मीच आलोय."

आचार्य तेच होते, पण आता त्यांना दिसत नव्हतं. "काय बांधून आणलंस?"

"बांधलेलं नाही. पडलेलं आणलंय."

हैबती एकेक तुकडा त्यांच्या हातात देऊ लागला आणि आपलं काय चुकलं ते सांगू लागला. दर चुकीगणिक गाठोडं हलकं व्हायला हवं होतं. पण सगळं सांगून झालं तरी चार पोरांना ते उचलेना.

"आत अजून काही आहे," आचार्य म्हणाले.

अंगणातल्या सावल्या लांबल्या. शेवटी हैबतीनं बांगडीचा तुकडा काढला.

"ही मंजुळा. धाब्यावरच्या पाण्याची वाट मी तिच्या निजायच्या कोपऱ्यावरून काढली होती."

तेवढ्यात वाऱ्यानं गाठोड्याचं फडकं उडून गेलं, असं म्हणतात. दारातलं हसू केव्हाच थांबलं होतं. आचार्य चटईवर थोडे सरकले. "इथे बस. पण तुझ्याजवळ वर्षं किती उरलीत?"

"एका घरापुरती पुरे."

तो शिकला, आणि सत्तरीत परत येऊन त्यानं एकच घर बांधलं, त्याच खचलेल्या जागी. पुढे मोठा पूर आला तेव्हा सगळं गाव त्या घरात मावलं. माणसं आत येत होती तशा भिंती मागे सरत होत्या, असं म्हणतात. आत एक थेंब गळला नाही.

आता गावात स्लॅबची घरं आहेत. तरी नव्या घरात राहायला जाण्याआधी, सर्वांत धाकटी सून जिथे निजणार त्या कोपऱ्यात बांधणारा एकटा जाऊन बसतो. तालुक्याचा इंजिनियर असला तरी त्याला बसावं लागतं. वर बायका सात घागरी पाणी ओततात आणि विचारतात, "पाणी कुठून चाललंय?"

खालून तो म्हणतो, "मंजुळाला वळसा घालून."

मगच उंबऱ्यावर दिवा लागतो.