मसणातल्या गिऱ्हाइकाची साक्ष

हैबतराव दिवाणांनी हुकूम काढला: सगळ्या दुकानदारांना सरकारी प्रश्न सारखेच, आणि एका जरी प्रश्नाचं उत्तर चुकवलं तर दुकान बंद. कोण काय विकतं, हे विचारायची तसदी कोण घेतो! असले शहाणे मी पुष्कळ पाहिलेत.

भर दुपारी दिवाण मसणापाशी पालखीतून उतरले. तिथं तान्हूबाई चितेची लाकडं विकायची. वारा पडलेला होता, तरी जळत्या चितेचा धूर दिवाणांकडेच येत होता.

"गिऱ्हाईक पुन्हा येतं का गं?"

"अजून तरी कुणी आलं नाही, सरकार."

"माल पसंत पडला, हे गिऱ्हाइकानं स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं. नाहीतर आजच दुकानाला टाळं!"

तान्हूबाईनं उठून दिवाणांच्या डोक्यापासून टाचेपर्यंत दोरी धरली.

"हे काय चालवलंयस?"

"लाकडांसाठी माप घेते. माझी गिऱ्हाइकं माझ्याशी बोलत नाहीत. तुम्हीच तिकडं जाऊन विचारा."

चितेत काहीतरी फाडकन फुटलं. दिवाणांनी तिला विचारायचे प्रश्न खोडले.

पुढच्या वर्षी प्रश्न काढण्याआधी दिवाण दुकानोदुकानी विचारत फिरले, "तुला काय सांगता येईल?" मसणाकडे मात्र ते फिरकले नाहीत. त्यांच्या मापाला गाठ मारलेली दोरी तान्हूबाईच्या खुंटीवर तशीच लटकत होती.