साहेबांची कोरी पत्रावळ

पळसटोल्याच्या डोक्यावरून विजेच्या जाडजूड तारा थेट शहराकडे जात. गावात मात्र दिवे मिणमिणत आणि भातगिरणी बंद पडलेली. पोरंही मग तारांच्याच वाटेने शहरात गेली.

एकदा वीजखात्याचे निमकर साहेब पाहणीला आले. गावाने गिरणी चालेल अशी थ्री फेज लाइन मागितली, तर साहेब हसले. "तुमच्याकडे वीज खपतेच किती? जिथं खप, तिथं लाइन. आधी खप दाखवा!"

दुपारी पंगत बसली. सरपंच सगुणाबाई स्वतः वाढत होत्या. सगळ्यांना दुसऱ्यांदा भात वाढून झाला, तरी साहेबांची पत्रावळ कोरीच.

"अहो बाई, मला विसरलात!"

"विसरेन कशी, साहेब? ज्यांनी खाल्लं, त्यांना आणखी वाढलं. तुमच्या पत्रावळीवर काहीच खपलेलं दिसेना. म्हटलं, तुम्हाला भूकच नसेल."

पंगत खो-खो हसली. साहेब ओशाळले. "वाढा, बाई. लाइनचं बघतो मी."

सगुणाबाईंनी भातावर वरण ओतलं, वर तुपाची धार धरली.

"लवकर बघा, साहेब. त्या तारांच्या दुसऱ्या टोकाला माझा लेक परक्याच्या गिरणीत राबतोय. इथली सुरू झाली, की मला आणखी एक पत्रावळ मांडायचीय."