न आलेले दुखणे

मुलांनो, आणि मुलांच्या आजी-आजोबांनो, तुम्हीच सांगा, जे दुखणे आपल्याला झालेच नाही, त्याबद्दल आपण कधी कुणाचे आभार मानतो का?

फार जुन्या काळी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. तिथल्या वैद्याची रीत निराळी होती. माणूस आजारी पडण्याची तो वाट पाहत नसे. थंडीत म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना तेल चोळायला लावी. कोणत्या ऋतूत काय खावे ते सांगे. जागरण करणाऱ्याला दटावी. आषाढ लागण्याआधी तो दारोदार फिरे आणि म्हणे, "तळ्याचं पाणी सुंठ घालून उकळा, मगच प्या."

त्या गावात सत्तरीचे आजोबाही चिंचेवर चढत. लोक म्हणत, "आमच्या मातीचाच गुण आहे हा."

त्या मुलखात एक प्रथा होती. आजारातून उठलेला माणूस श्रावणात, देवीच्या उत्सवात, सर्वांसमोर वैद्याच्या खांद्यावर शेला घाली. या गावात कुणी अंथरूणच धरत नसे. मग शेला कोण घालणार?

वैद्याची बायको म्हणाली, "माझ्या माहेरच्या वैद्याला शेले ठेवायला पेटी पुरत नाही. तुमच्या खांद्यावर काय, तर पंचा. तोही मीच धुतलेला."

"लोक धडधाकट आहेत, हे कमी आहे का गं?"

"ते लोकांना सांगा. काल पाटील म्हणत होते, या वैद्याला काही काम नाही, गुरं तरी राखायला लावा."

हे बोलणे वैद्याच्या जिव्हारी लागले. त्या वर्षी आषाढ तोंडावर आला, तरी तो घराबाहेर पडलाच नाही. 'पडू देत थोडे आजारी. मला उपचार येतात. उठवीन सगळ्यांना,' असे त्याने मनाशी म्हटले.

तळे गढूळ झाले. घरोघर ओकाऱ्या आणि हगवण सुरू झाली. मग मात्र वैद्य जिवापाड राबला. एकेक माणूस उठून बसू लागला. पाटलांनी तर त्याचे पाय धरले.

फक्त एक म्हातारी कुंभारीण उठेना. साऱ्या गावाने वैद्याच्या सांगण्याची कधी ना कधी थट्टा केली होती. हिने एकटीने त्याचा शब्द कधी मोडला नव्हता.

वैद्य तिच्या उशाशी बसला. "मावशी, तुम्ही तर पाणी उकळल्याशिवाय पीत नाही. मग हे कसं झालं?"

ती हळूच म्हणाली, "या वर्षी तुम्ही आला नाहीत, बाबा. मला वाटलं, पाणी चांगलं असेल. नाहीतर तुम्ही सांगितलं असतंत."

संध्याकाळी ती गेली. वैद्याने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही.

श्रावणात उत्सव आला. वैद्याच्या खांद्यावर इतके शेले पडले, की त्याला मान वर करता येईना. लोकांना वाटले, केवढा हा विनय.

लक्षात ठेवा, मानासाठी राखणदाराने डोळे मिटले, तर आधी बळी जातो तो त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैद्य पुन्हा दारोदार गेला आणि पाणी उकळून प्या म्हणून सांगू लागला. लोक हसून म्हणाले, "आता कशाला भ्यायचं, वैद्यबुवा? उठवायला तुम्ही आहातच की." आणि त्यांनी तळ्याचे पाणी तसेच तोंडाला लावले.