ओढ्याचे दोन काठ आणि दुसरी पसंती

फार पूर्वी आयर्लंडच्या हिरव्यागार बेटावर एक गाव होतं. मधून ओढा वाहायचा, आणि अलीकडच्या काठाचं पलीकडच्याशी मुळीच पटत नसे. मुखिया निवडायची रीतही न्यारीच. ज्याच्या स्वतःच्या घरावर धुराडं, त्यालाच मत. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी मेंढ्या राखाव्यात आणि गप्प बसावं! निवडणुकीला सगळे माळावर जमून आपापल्या उमेदवारामागे उभे राहत. ज्याच्यामागे जास्त माणसं, तो मुखिया.

अलीकडचा एक म्हातारा दरवेळी निवडून येई. माणूस प्रेमळ, पण खुर्ची म्हटली की जीव अडके. आपल्यातलं कुणी विरोधात उभं राहू लागलं की तो म्हणे, "मतं फुटली तर पलीकडचे डोक्यावर बसतील! आणि ओढ्यावर पूल? नावही काढू नका."

पुढे त्याचीच लाडकी लेक पलीकडच्या बटाटे पिकवणाऱ्याशी लग्न करून तिकडे नांदायला गेली. तिला मुलगी झाली. आता तान्ह्या बाळाला कमरेएवढ्या पाण्यातून कोण आणणार? म्हाताऱ्याचे गुडघेही धड नव्हते. त्यानं नात पाहिली ती लांबूनच, दुपट्यात गुंडाळलेली. पूल बांधू म्हणावं, तर कोणत्या तोंडानं?

एक दिवस अलीकडचीच एक भाडेकरू मेंढपाळीण त्याच्या दारी आली. "आजोबा, मला निवडणुकीला उभं राहायचंय. पूल बांधायचाय."

"अगं, मतं फुटतील!"

"नाही फुटणार. ज्याच्यामागे सर्वांत कमी माणसं, त्यानं खाली बसावं. त्याच्या माणसांनी आपल्या दुसऱ्या पसंतीच्या उमेदवारामागे जावं. आणि ती धुराड्याची अट काढा. पूल आम्हालाही लागतो."

म्हातारा पेचात पडला. हो म्हटलं तर खुर्ची जाणार, नाही म्हटलं तर नात आजोबांवाचूनच मोठी होणार.

"होऊ दे तुझ्या मनासारखं," अखेर तो म्हणाला.

निवडणुकीला भाडेकरूही आले आणि माळ फुलून गेला. सर्वांत जास्त माणसं म्हाताऱ्यामागे होती, त्याखालोखाल मेंढपाळणीमागे. पलीकडचा उमेदवार मागे पडला आणि खाली बसला. त्याची माणसं उठली ती थेट मेंढपाळणीमागे जाऊन उभी राहिली. काठ ओलांडून मत द्यायची ही पहिलीच वेळ. म्हातारा हरला.

वर्षाच्या आत पूल झाला. काठी टेकत म्हातारा लेकीच्या दारात पोहोचला.

"बाबा, खुर्ची गेली ना हो तुमची?" लेकीचे डोळे भरून आले.

"गेली गं. पण मांडी मोकळी झाली. आण तिला इकडे."

तात्पर्य एवढंच: एकच निवड हाती असली की माणूस भीतीपोटी आपल्याच काठाला धरून बसतो, दुसऱ्या पसंतीला जागा दिली की त्याला पलीकडची माणसंही दिसू लागतात.