डाव्या कोपऱ्यातली पावलं

"…पण मास्तर, डाव्या कोपऱ्यात नाही, तर मग त्याला उभा कुठे करू?"

काथोर मास्तर ओट्यावर बसून चिंचा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दिनानाथ म्हात्र्याचं पेणच्या बाजारात रंगांचं दुकान. गणपतीच्या कारखान्यांना माल पुरवता पुरवता केस पिकले. चिमूटभर पिवळा बोटांवर चोळून त्यात खडू किती ते सांगणारा माणूस. पण घरच्या मालाची पारख होत नव्हती. मुलगा हर्षल, वय सतरा. उद्या जिल्ह्याच्या कबड्डी संघाची निवड. दोनदा पोरगा रिकाम्या हातानं परतलेला, आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटची खेप.

म्हणून तीस वर्षांनी दिनानाथ पोराला घेऊन गुरूच्या दारात आला होता.

"दोन्ही वेळा डाव्या कोपऱ्यातच खेळवलास?"

"मग? म्हात्र्यांचा डावा कोपरा, मास्तर! तुम्हीच म्हणायचात ना, दिनूनं घोटा धरला की चढाईवाल्यानं घरी निरोप धाडावा, जेवायला थांबू नका म्हणून."

मास्तर हसले. "म्हणायचो खरा."

दिनानाथाच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. भात कापून मोकळं झालेलं शेत. धसकटं उपटून, पाणी मारून, धोपटून धोपटून केलेलं मैदान. बांधावर अख्खी पंचक्रोशी. आणि घाटावरचा तो धिप्पाड गडी, ज्याचा घोटा हातात आला तेव्हा असं वाटलं की बैलगाडीचं चाक धरलंय… सोडलं नव्हतं. जिंकलेली पितळी कळशी गावात शिरेपर्यंत डोक्यावरून उतरवली नव्हती.

"मैदान आहे अजून?" त्यानं विचारलं.

"आहे. चपला बांधापाशी काढ."

मास्तरांनी गावची तेरा पोरं गोळा केली. स्वतः झाडू घेऊन माती अशी झाडली, की चिमणी उतरली असती तरी तिची पावलं दिसली असती. चुन्याच्या रेघा नव्यानं मारल्या. हर्षलला डाव्या कोपऱ्यात उभं केलं.

"खेळा."

खेळ सुरू झाला. रेघेबाहेर दिनानाथ अनवाणी उभा.

"हर्षल, कोपरा सोडू नको! गुडघ्यात वाक! अरे, घोटा बघ, घोटा! तोंड काय बघतोस त्याचं? धर… धर… गेला! हातातला गेला!"

अर्ध्या तासात त्याचा घसा बसला.

"थांबा," मास्तर म्हणाले. "जपून बाहेर या. माती तुडवू नका."

ही त्यांची जुनी रीत. खेळ झाला की ते पोरांकडे पाहत नसत, मातीकडे पाहत. टाच कुठे रुतली, चवडा कुठे वळला… त्यावरून कोणाची जागा कोणती ते ठरत असे.

कोपऱ्यापासून दोन हात आत, मधल्या साखळीच्या जागी, पावलांची एक जोडी खोल रुतली होती.

"ही कोणाची?"

"माझी," हर्षल म्हणाला.

"इथे उभं राहायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही… आपोआप सरकलो."

"इथून काय करतोस?"

"उजव्या कोपऱ्यानं पाय अडकवला की मी मधून झेप घेतो. तो सुटतच नाही मग!" बोलता बोलता पोराचं तोंड उजळलं.

"म्हणजे धरायचं दुसऱ्यानं, आणि यानं नुसतं वर पडायचं?" दिनानाथ करवादला. "टाळ्या कोपऱ्याला पडतात, मास्तर."

मास्तर डाव्या कोपऱ्याकडे गेले आणि वाकले.

हर्षलची पावलं तिथे होती, पण उथळ. परक्याच्या घरी बसल्यासारखी. त्यांच्या पुढ्यात मात्र दुसरी पावलं होती. रुंद, फताडी, बोटं मातीत खुपसलेली. रेघ पुसून हातभर आत आलेली.

"आणि ही कोणाची?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. एकाला हसू आवरेना. "काका, तुमच्या तळव्याला चुना लागलाय."

दिनानाथानं पाय उचलून पाहिला. एक. मग दुसरा.

…

"पप्पा," हर्षलनं हळूच विचारलं, "मग उद्या?"

दिनानाथ पुसलेल्या रेघेकडे बघत राहिला. मग तो गुरूकडे वळला. आवाज एकदम खाली आला होता, तीस वर्षांपूर्वीच्या दिनूसारखा.

"मास्तर… मग मला डावा कोपरा कसा दिलात? माझ्यात काय पाहिलं होतं तुम्ही?"

मास्तरांनी झाडू उचलला.

"मी कुठे दिला? तूही आपोआपच सरकलास. तुझा बाप कधी मैदानावर आला नाही."