तळाचे पाणी

पर्वतांच्या कुशीतल्या एका थंड शहरातून पूर्वी एक ओढा वाहत असे. हिवाळा सरला की रस्त्यांवरचा बर्फ वितळून गढूळ लोंढा ओढ्यात येई. तेव्हा सगळे मासे डोहाच्या तळाशी जाऊन बसत. तिथले पाणी शांत आणि निर्मळ असे.

एका वर्षी लोंढा दिसताच रुपेरी मासोळीने आपल्या पिल्लांना हाक दिली, "चला, तळाशी!"

इतक्यात तळातून गोगलगाय धडपडत वर आली.

"अगंबाई, आज तू धावतेस?" मासोळी हसली.

"हसू नकोस, बाई! खाली पाणी भाजतंय. शंखात शिरले तरी चावतंय."

मासोळीने खाली जाऊन एक घोट घेतला आणि तिचे कल्ले चरचरले. "मीठ? आपल्या गोड्या पाण्यात?"

"हो, मीच," पाण्यात विरघळलेले मीठ म्हणाले. "माणसे घसरू नयेत म्हणून यंदा मला रस्त्यावरच्या बर्फावर पसरले होते. मी बर्फ वितळवला. एकाचेही हाड मोडले नाही."

"शाबास! आता परत जा."

"कसे जाऊ? बर्फाच्या पाण्याबरोबर वाहून इथे आले आणि खारे पाणी जड म्हणून तळाशी बसले. मागून आणखी येतेच आहे."

पिल्ले तळाकडे निघालीच होती. मासोळी जिवाच्या आकांताने ओरडली, "मागे फिरा! वर चला, वर!"

धाकटे पिल्लू थबकले. "आई, वर तर बगळा उभा आहे!"

"दिसतोय मला," मासोळी म्हणाली. "तरीही चला."